कपाळावरचा घाम
ग्राइप वॉटरचा वास आला की पनवेलच्या दवाखान्यातली ती अंधारी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, खोली आठवते. मी तिथे मदतनीस होते. जवळच्या कोन गावाकडची एक बाई तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. दूध पिताना ते घामाघूम होऊन रडायचं आणि घरचे पोटदुखी समजून ग्राइप वॉटर पाजत होते. पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाले, "हृदयाला रक्त देणारी नस जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली आहे. ऑपरेशनने बरं होईल." मी बाळाच्या छातीवरची जेली पुसत होते, तेव्हा ती बाई हळूच म्हणाली, "ताई, माझा पयला पन असाच घामानं भिजायचा. तो रायला नाय. त्याचं पन इथं दिसलं असतं?" मी पुसतच राहिले. आता नातीला ग्राइप वॉटरचा चमचा पाजण्याआधी माझा हात तिच्या कपाळावर जातो.