भुंगेऱ्याचं तिरपं कापड

लकव्यानंतर अब्बांचा उजवा पाय घोट्यापासून लुळा पडला आणि त्यांना लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला. दोन दिवसांत त्यांनी तो पलंगाखाली ढकलला. "ये पहनके चलूं, के इसकू उठाके?" म्हणाले आणि घराबाहेर पडणंच सोडलं. जन्मभर हिमरूचं कापड विणलेला, छावणीच्या बाजारात चार माणसांत बसल्याशिवाय ज्याचा दिवस जात नसे असा माणूस! मला बघवेना.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला भारी हुशार समजत होते. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर रेझिन, असे थरावर थर देऊन पोटरीपासून तळव्यापर्यंत हलकं कवच करायचं ठरवलं. पहिलं कवच चौथ्याच पावलाला उभं चिरलं. दुसरंही तसंच. अब्बा भिंत धरून कसेबसे वाचले. अम्मी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

माझी चूक मला एका भुंगेऱ्यानं दाखवली. कॉलेजात सरांनी त्याच्या पाठीवरच्या कवचाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली लावला होता. मी डोळा लावला आणि ओरडलेच! बारीक तंतूंचे थरच थर, पण प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा वळलेला, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. भेग एका थरात सरळ धावली तरी पुढच्या थरात तिला वळावं लागणार, आणि वळता वळता ती दमणार. आणि मी? विणकराची लेक! कापड सुताला सूत लावून सरळच पसरायचं, हे अंगात भिनलेलं. सगळे थर एकाच दिशेनं लावून मी भेगेला हमरस्ता करून दिला होता.

तिसऱ्यांदा साचा घरातच मांडला. प्रत्येक थर थोडा थोडा फिरवत गेले. शेजारी बसलेले अब्बा कासावीस.

"टेढा कपडा लगारी? हात नै कांपता तेरा?"

त्यांनी दोनदा थर सरळ केला, मी दोनदा फिरवला. मग त्यांनी तोंडच फिरवलं.

ते कवच घालून अब्बांनी आठवडाभर घरात फेऱ्या मारल्या. रोज मी नखानं चाचपून पाहायचे, भेग नव्हती. मग एका सकाळी उठून बघते तर पलंग रिकामा, दार सताड उघडं. अम्मीच्या तोंडचं पाणी पळालं. मी चपला शोधत होते तेवढ्यात फोन वाजला.

"छावणी में हूं."

"चलके गये?"

"और कैसे?" मागं कपबश्यांचा खणखणाट, हसण्याचे आवाज. मला रडू फुटलं. "जरा देर लगेगी बेटा," अब्बा म्हणाले. "दूसरी चाय मंगाया हूं."