साहेबाला बोलावणं

बाबाजी म्हात्रे रोज दुपारी दुसऱ्या हाकेची वाट बघत. सुलू आतून एकदाच सांगायची, "ताट केलंय." बाबाजी ओट्यावर बसून राहत. घसा खाकरत, भिंतीवरचे पोपडे नखाने उचकटत. दुसरी हाक यायची नाही. मग ते स्वतःशीच, पण शेजारच्या घरात नीट ऐकू जाईल इतपत हळू, म्हणत, "या घरात मानसाला आग्रह म्हनून न्हाय." आणि उठून पानावर जाऊन बसत.

आग्रह ही बाबाजींची विद्या होती. राई गावात कुणाकडे सत्यनारायण असो की बारसं, जेवणाला घरोघर बोलवायला त्यांनाच धाडत. एकदा सांगितलं म्हणजे कानावर घातलं, दुसऱ्यांदा सांगितलं म्हणजे विचारलं आणि दारात बसकण मारून तिसऱ्यांदा सांगितलं म्हणजे बोलावलं, असा त्यांचा नियम. मिठागरं चालू होती तेव्हा त्यांच्या एका आरोळीवर बांधाच्या पार त्या टोकाची माणसं न्याहारीला येत. पुढे मिठागरं बंद पडली, काहींवर इमारती उभ्या राहिल्या, पण आरोळी तीच राहिली. आता तिच्यामुळे वरच्या मजल्यांवरची माणसं खिडक्यांत येतात.

ज्या शुक्रवारी ते गावातल्या सदूच्या सत्यनारायणाला अख्खं गाव बोलावून आले, त्याच दिवशी त्यांच्या घरातून साहेब निघून गेला.

साहेब म्हणजे टर्की. सुलूच्या भावाने, चेणे गावच्या दशरथने, बहिणीला टर्कीची जोडी दिली होती. मादीचं नाव मॅडम. ती अंड्यांवर बसलेली, तिला जगाशी देणंघेणं नव्हतं. साहेब मात्र अंगणभर छाती काढून फिरायचा, गळ्याची लाल झोळी हलवायचा आणि कुठेही मोठा आवाज झाला की उलट ओरडायचा. बाबाजींच्या प्रत्येक आरोळीला गावात न चुकता उत्तर देणारा तो एकटाच. सुलूचा त्याच्यावर भारी जीव. ती चेण्याला दशरथच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेली, तेव्हा रिक्षात बसताना तिने नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली होती : "फाटक लाव."

बाबाजी घाईत होते. सदूकडचं जेवण निवायला लागलं होतं. फाटक राहिलं.

सुलू रविवारी संध्याकाळी येणार होती. शनिवारी सकाळी साहेब गावामागच्या जुन्या मिठागराच्या बांधावर दिसला. बाबाजी तांदळाची कणी घेऊन धावले, तसा साहेब तिवरांच्या झुडपांत शिरला. बाबाजी परत फिरले, तसा बाहेर आला. दुपारपर्यंत हेच चाललं.

शेवटी त्यांनी भाच्याला, दिपेशला, भाईंदर पूर्वेहून बोलावून घेतलं. दिपेश मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एक व्हिडिओ असतोच.

"मामा, हे बघा. अमेरिकेत लोक टर्कीची शिकार करतात ना, ते तिच्या मागे धावत नाहीत. मादीचा आवाज काढतात. नर आपल्या पायांनी चालत येतो."

"मना शिकार न्हाय करायची रं! घरी आनायचाय."

"बंदूक सोडून बाकी सगळं सेम."

व्हिडिओत पानापानांचे कपडे घातलेला एक जाडजूड माणूस झाडाला टेकून बसला होता. तो नवशिक्या शिकाऱ्यांना पहिलं वाद्य कोणतं घ्यावं ते समजावत होता. वाद्यं दोन, दोन्ही घासून वाजवायची. एक लाकडी पेटी, तिचं झाकण कडेवर घासायचं. आवाज मोठा, शिकायला सोपी. दुसरं पाटीचं. पोकळ वाटीवर दगडी पाटी बसवायची आणि तिच्यावर काडी घासायची. आवाज मऊ, पण हात बसायला वेळ लागतो.

"पेटी," बाबाजींनी तत्काळ निवडलं. "मोठा आवाज."

"पक्षी जवळ आला की पाटी बरी, असं तो म्हणतोय."

"जवल आल्यावर कशाला बोलवायचं? जवल आलेल्याला मी हातानं धरीन."

तयार वाद्य मागवलं तर यायला आठवडा लागणार होता. म्हणून मामा-भाचे स्टेशनजवळच्या धर्मेशच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. धर्मेशने माळ्यावरून दगडी पाटी काढली, फुंकर मारून धूळ उडवली.

"अभी तो ये कोई नहीं लेता, काका. नाती के लिए?"

"टर्की के लिए."

धर्मेशने दिपेशकडे पाहिलं. दिपेशने मान डोलावली. धर्मेश व्यापारी माणूस, त्याने पुढे फक्त एवढंच विचारलं, "लाइनवाली या प्लेन?"

मग त्याने झाकण खिळ्यावर फिरणारी एक जुनी लाकडी कंपासपेटीही शोधून दिली. बाबाजींनी तिच्या कडेला खडू फासला आणि झाकण ओढलं. जो आवाज निघाला त्याने वह्यांना घालायचे खाकी कागद निवडणाऱ्या एका बाईंनी कानांत बोटं घातली आणि फुटपाथवरचं कुत्रं उठून रस्ता ओलांडून गेलं. बाबाजींचा चेहरा उजळला.

"अशी पाहिजे."

दिपेशने पाटीवर पेन्सिल घासून पाहिली. नुसतीच किरकिर. मग पॉलिश पेपरने पाटी खरवडली आणि पेन्सिलीऐवजी बांबूची काडी धरली. आता काहीतरी झालं. एखादी कोंबडी झोपेत कुणाला तरी हळूच काही विचारतेय, असं.

"हे काय बोलावनं?" बाबाजी म्हणाले. "हे तर सुलूसारखं झालं."

शेवटी दोन्ही घेतलं. धर्मेशने पिशवी देताना बजावलं, "टर्की आए, न आए, माल वापस नहीं होगा."

घरी येऊन दिपेशने अर्ध्या करवंटीवर पाटीचा तुकडा डिंकाने चिकटवून वाळत ठेवला. पक्ष्याला आपण दिसू नये म्हणून हिरवं काहीतरी पांघरायला हवं होतं. कपाटात हिरवी एकच गोष्ट निघाली : सुलूची, दशरथने भाऊबीजेला दिलेली साडी. बाबाजींनी ती डोक्यावरून घेतली. बांधावर बसले तेव्हा ते तिवराच्या झुडपासारखे दिसत होते, पण नवरीसारखे जास्त दिसत होते.

शनिवारच्या संध्याकाळी पेटी वाजली. लांबच्या बांधावरून साहेबाने लगेच उत्तर दिलं. बाबाजींनी पुन्हा ओढली. पुन्हा उत्तर. बाबाजींना चेव चढला. ते पेटी ओढत राहिले, मध्येच "या साहेब, या, लाजू नका" असंही म्हणत राहिले. साहेबाने शेपटीचा पंखा उघडला, पिसं फुगवली, पंख जमिनीला घासत गोल गोल फिरला आणि जागचा एक पाऊलही हलला नाही. जाळं घेऊन परतणारा एक ओळखीचा कोळी थांबला. त्याने हिरव्या पदराखाली वाकून पाहिलं. "बाबाजी, कुनी पाहुनं बघाया येनार हाय कं?" म्हणाला, आणि गेला.

अंधार पडल्यावर दोघे हात हलवत परतले.

रविवारी सकाळी दिपेशने नियम समजावला. "मामा, पाटी एकदा वाजवायची. मग गप्प. बिलकुल गप्प."

"एकदा? राईत एकदा बोलावून गप्प बसलो तर मानूस पुढची तीन लग्नं तोंड दाखवनार न्हाय."

"तो माणूस नाहीये, मामा. तो म्हणतोय, तुम्ही जास्त बोलावलं की नराला वाटतं, हिलाच आपली एवढी गरज आहे ना, मग हीच येईल. तो तिथेच फुगून उभा राहतो."

बाबाजींनी विचार केला. "म्हंजे जावई."

"तसंच समजा."

पण हात ऐकत नव्हता. एकदा काडी घासली की दुसऱ्यांदा घासली जाई, तिसऱ्यांदा तोंडातून "या हो" निघून जाई, आणि पलीकडे साहेब जावयासारखा फुगून उभाच. दिपेशची दुकानात जायची वेळ झाली. "संध्याकाळच्या आत जमवा, नाहीतर मामीला मी ओळखत नाही," असं म्हणून तो निघून गेला.

ऊन वर आलं. साडीच्या आत बाबाजी उकडून निघाले. सुलू आल्यावर काय सांगायचं याची त्यांनी तालीम करून पाहिली. फाटकाचा गंज, वारा, कुत्री. एकही धड जमेना. सुलू ओरडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. पण ती ओरडणार नव्हती. ती रिकाम्या अंगणाकडे एकदा बघणार होती, आणि त्यानंतर त्या अंगणात आरोळीला उत्तर द्यायला कुणीच असणार नव्हतं.

जेवायची वेळ झाली होती. पोटाने ती सांगितली. सवयीने त्यांनी घसा खाकरला, हाकेची वाट पाहिली, आणि मग तिथेच बांधावर बसल्या बसल्या त्यांना एक गोष्ट लख्ख दिसली. सुलू एकदाच बोलावते. आणि आपण रोज जातो. एवढ्या वर्षांत एक दुपार आपण न जेवता राहिलो नाही.

त्यांना जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी करवंटी हातात घेतली, काडी टेकवली आणि पाटीवर एकदाच, हळू, ताट मांडून झाल्यावर सांगावं तशी फिरवली. करवंटी मांडीवर ठेवली. तोंडावर साडीचा पदर दाबून धरला, कारण तोंडाचा भरवसा नव्हता. साहेबाकडे पाठ केली.

पलीकडून साहेब ओरडला. बाबाजी गप्प. पुन्हा ओरडला. बाबाजींच्या घशात तीनचार आमंत्रणं येऊन अडकली. मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. खाडीवर वारा, चिखलात खेकड्यांची चुळबुळ, बस. आणि मग सुकलेल्या मिठाच्या पापुद्र्यावर कुणीतरी चालतंय असा करकर आवाज, थांबत, पुन्हा येत. कुणीतरी घसा साफ केल्यासारखं करत, आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, आपण सहज आलोय, अशा थाटात अगदी पाठीशी येऊन उभं राहिलं.

बाबाजी वळले नाहीत. उठले आणि घराकडे चालू लागले. मागून साहेब. पदर चिखलातून फरफटत होता आणि साहेब मध्ये मध्ये त्याच्या जरीला टोच मारत होता. वाटेत सदूने विचारलं, "काय बाबाजी, मिलाला कं?" बाबाजींनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं. बाबाजी गप्प आहेत हे बघून सदू हातातलं काम टाकून मागोमाग आला.

सुलू अंगणात उभी होती. दशरथने तिला लवकर आणून सोडलं होतं. तिने आधी उघडं फाटक पाहिलं, मग साहेबाला पाहिलं, मग नवऱ्याच्या डोक्यावरची साडी बराच वेळ पाहिली. साहेब तिच्या पायांजवळून रुबाबात आत गेला आणि मॅडमसमोर पंखा उघडून उभा राहिला. मॅडमने डोळे मिटले.

"भाऊबीजेची," सुलू म्हणाली. साडी काढून घेतली, बादलीत भिजत घातली, आत गेली. भांड्यांचे आवाज आले.

बाबाजींनी फाटक लावलं. कडी घातली. ती बसली की नाही ते हलवून पाहिलं. मग ओट्यावर टेकले, करवंटी बाजूला ठेवली.

"ताट केलंय," आतून आवाज आला.

बाबाजींनी घसा खाकरला नाही.

"आलो गो. पाय तेवढे धुतो."