मोटारी गार होत्या

विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात यंत्ररचना शिकवणाऱ्या त्या प्राध्यापकांना पोरं ‘बघा सर’ म्हणायची. कोणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: “करून बघा.” रोबोटिक्स संघाचे ते मार्गदर्शक, पण मुलांच्या रोबोला ते कधी हात लावत नसत. कार्यशाळेत शिरले की हात पाठीमागे बांधायचे, टेबलांमधून फिरायचं, एखादा प्रश्न टाकून पुढे सरकायचं.

त्या वर्षीच्या स्पर्धेत रोबोला जिना चढून चेंडू वरच्या टोपलीत टाकायचा होता. संघाची प्रमुख होती एक किडकिडीत मुलगी. बोलणं असं टोचरं, की तिला सगळे टाचणी म्हणत. टाचणीच्या डोक्यात एकच होतं: रोबोला चाकं नकोत, चार पाय हवेत.

सरांनी कागदावर आकडेमोड केली आणि मान हलवली. “एवढं वजन गुडघ्यातल्या मोटारींना पेलायचं नाही. तापतील आणि बंद पडतील.”

“आणि नाही तापल्या तर?”

“करून बघा.”

वर्षभर राबून पोरांनी तो रोबो उभा केला. कार्यशाळेतल्या प्लायवूडच्या जिन्यावर तो बऱ्यापैकी चढायचाही. स्पर्धेत मात्र दोन पायऱ्या चढला, तिसरीवर डगमगला आणि गडगडत खाली आला. प्रेक्षक खो खो हसले.

विभागप्रमुखांनी सरांना बोलावून घेतलं. “मोटारी तापणार हे तुम्हाला माहीत होतं ना? मग पोरांची मेहनत पाण्यात का जाऊ दिलीत?”

“माझं म्हणणं मी त्यांना सांगितलं होतं,” सर म्हणाले. दोन दिवसांत हेच वाक्य ते चार जणांना ऐकवून चुकले होते.

घरीही तेच. त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. चेहरे वाचण्यात तिचा हात कोणी धरला नसता. जेवता जेवता ती म्हणाली, “अहो, पोरं हरली आणि तुमचं खरं झालं. त्यातल्या कशाचं जास्त वाटतंय तुम्हाला?”

“काहीतरीच काय!” म्हणून त्यांनी विषय टोलवला.

आठवड्याने टाचणी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

“सर, मोटारी तापल्या असं तुम्ही सगळ्यांना सांगताय.”

“तापल्याच असणार.”

“रोबो पडल्या पडल्या मीच उचलला. गुडघ्यांना धरून बाहेर आणला. तापल्या असत्या तर हात पोळला असता माझा. चारही मोटारी गार होत्या, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपण मोटारींना हात लावून पाहिलंच नव्हतं, हे त्यांना तेवढ्यात उमगलं. पडला म्हणजे तापूनच पडला, असं त्यांनी धरून टाकलं होतं.

“चल,” ते उठले.

कार्यशाळेत त्यांनी जिन्यावर गुळगुळीत पत्रा चढवायला लावला. स्पर्धेतला जिना तसाच होता. रोबो दुसऱ्या पायरीवरच सर्रकन घसरला. सर गुडघ्यांवर बसले, त्याचा पाय उचलून हातात घेतला आणि तळवा अंगठ्याने चोळून पाहिला. घासून गुळगुळीत केलेलं ॲल्युमिनियम. प्लायवूडवर पकड मिळायची, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्यांचंही नाही.

“मोटारींचं मी चुकीचं सांगितलं,” ते म्हणाले. “मोटारी ठणठणीत आहेत.”

टाचणी आता काहीतरी टोचून बोलेल, असं संघातल्या बाकीच्या पोरांना वाटलं. ती एवढंच म्हणाली, “रबर लावू या?”

विभागप्रमुखांकडे सर स्वतःहून गेले. “माझा हिशोब चुकला होता, आणि तो चुकलाय हेही एका मुलीने दाखवून दिलं.” “बरं मग, पुढच्या वेळी तरी चाकं लावा,” प्रमुख म्हणाले.

“नाही. पायच.”

पुढच्या वर्षी रबरी तळव्यांचा रोबो थेट शेवटच्या पायरीपर्यंत गेला. इतका हळू, की पंचांपैकी एकाने जांभई दिली. वर पोहोचून त्याने चेंडू टाकला तो टोपलीच्या कडेला लागून खाली. संघ सातवा आला. टाचणी तिथेच टोपलीच्या उंचीवरून पंचांशी भांडली, आणि सरांनी तिला बराच वेळ अडवलं नाही.

ती नोकरीला लागली. नव्या संघाने पहिल्याच दिवशी पाय काढले आणि चाकं बसवली. चाकं वेगात पळाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. मग काढलेले चार पाय कोणी भंगारात टाकायच्या आत त्यांनी उचलले आणि आपल्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिले.