हेंकभावोजींची सपाट जागा

काही आठवड्यांपूर्वी आपल्या शहरातल्या एका दैनिकाने आतल्या पानावर तीन ओळींत कळवलं की, हॉलंडचे माजी क्रिकेटपटू हेंक यांचं वारज्यात निधन झालं. निधन झालं हे खरं. वारज्यात झालं हेही खरं. बाकी त्या माणसाने क्रिकेटची बॅट आयुष्यात एकदाच हातात धरली होती, सोसायटीच्या गणपतीतल्या सामन्यात, आणि तेव्हाही ती खांद्यावर घेऊन उभे राहिले म्हणून लोक पोट धरधरून हसले होते. मी त्या दैनिकाच्या कचेरीत फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "काका, बेसबॉल लिहिलं असतं तर कुणी वाचलंच नसतं." त्याचंही बरोबर. ही पुरवणी दुसऱ्या दैनिकाची आहे, म्हणून इथे लिहितो. हेंक बेसबॉल खेळायचे, बरीच वर्षं आपल्या क्लबकडून आणि काही वर्षं आपल्या देशाकडून खेळले, आणि ते माझे भावोजी होते.

मला बातमी पेपरातून नाही, वृंदाताईच्या फोनवरून कळली. माझी ही थोरली बहीण मुळातच मोजकं बोलते. "हेंक गेला," ती म्हणाली. "दूध घेऊन आला, खुर्चीत बसला... आणि गेला. तू ये. सावकाश ये, आता कसली घाई." शनिवार पेठेतून वारज्याला पोचलो तर दार उघडंच होतं. दारालगतच्या चपलांच्या कपाटावर एक पितळी वाटी असते, तिच्यात खडे असतात. लोकांच्या घरी तिथे किल्ल्या असतात, यांच्या घरी खडे. सर्वांत वर एक ओला खडा होता, त्या सकाळचा. दूध आणायला गेलेला माणूस वाटेत मैदानावर थांबून खडा उचलून खिशात टाकून आला होता. मला आत जायच्या आधी तिथेच रडू फुटलं.

खड्यांचं सांगायचं तर त्यांचा खेळ सांगावा लागेल. भावोजी शॉर्टस्टॉप होते. बेसबॉलच्या मैदानात आतल्या भागात मातीचा पट्टा असतो. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या थांब्यांच्या, मध्ये हा गडी उभा राहतो, जमिनीवरून सणसणत येणारा चेंडू उचलतो आणि पहिल्या बेसकडे फेकतो. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं. सगळी भिस्त असते ती चेंडूच्या टप्प्यावर, आणि टप्पा असतो मातीच्या हातात. म्हणून तो गडी दर चेंडूआधी बुटाने समोरची माती सारखी करतो, वाकतो, खडा दिसला की उचलतो. हार्लेमजवळच्या एका गावात लहानपणी क्लबात शिकवलेली ही सवय भावोजींना मरेपर्यंत सुटली नाही. तिकडेही हा खेळ थोड्यांचाच. ते शाळेत गणित शिकवायचे आणि शनिवार-रविवारी खेळायचे. देशाच्या संघात आले, चार-पाच मोसम तिथे पाय रोवून उभे राहिले. मग क्युरासावकडची, म्हणजे हॉलंडच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांवरची मुलं आली, त्यांच्यासमोर हे कमी पडू लागले आणि शॉर्टस्टॉपवरून सेकंड बेसला, सेकंडवरून थर्डला आणि थर्डवरून बाकावर गेले. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा कधी नसायचा. तो माझ्याकडे आहे, त्यांच्या वाटणीचासुद्धा.

त्याआधीची एक गोष्ट ताई सांगते. ती तिकडे शिकायला गेली होती आणि घरमालकिणीच्या आग्रहाखातर इटलीविरुद्धचा एक सामना बघायला गेली. शेवटच्या डावात एक साधा चेंडू शॉर्टस्टॉपकडे आला, ऐनवेळी खड्यावर उडाला आणि त्याच्या खांद्यावरून मागे गेला. दोन धावा झाल्या, सामना गेला. आता या खेळातला एक रिवाज असा, की फलकावर धावांशेजारी चुकांचाही रकाना असतो. आपल्याकडे झेल सुटला तर चार दिवस शिव्या खायच्या आणि विसरायचं. तिथे चूक आकड्यात लिहून सगळ्या स्टेडियमला दाखवतात. फलकावर एकचा आकडा लागला. नंतर घरमालकिणीच्या ओळखीने त्या खेळाडूशी गाठ पडली, तेव्हा ताईने इंग्रजीत विचारलं, त्यात तुमची काय चूक? ते म्हणाले, "खडा मी उचलायला हवा होता." ताई म्हणते, मी त्या वाक्याशी लग्न केलं.

आमच्या आईचं दुखणं वाढलं तेव्हा दोघं इथे आली, ती कायमचीच. भावोजी मराठी आईकडून शिकले, त्यामुळे ते अस्सल पेठेतलं होतं. रिक्षावाल्यालाही "आपण जरा हळू चालवाल का?" म्हणायचे. तो मागे वळून बघायचा आणि अपघात व्हायचा बाकी राहायचा. आई गेली. मग त्यांना घराजवळचं मोकळं मैदान दिसलं. मैदान म्हणजे काय, राडारोडा, बाभळी आणि म्हशी. त्यांनी एका कोपऱ्यात मुरूम पसरला, पाणी मारलं, धुम्मस घेऊन स्वतः ठोकला. असं ते एक अख्खा हिवाळा करत होते. लोक गॅलरीतून बघायचे. वेडा गोरा म्हणायचे, आणि एकदा तर कुणीतरी आमच्याही अंगणात असं करून द्याल का म्हणून विचारून गेलं. उन्हाळ्यापर्यंत तिथे शॉर्टस्टॉपला उभं राहता येईल इतकी माती झाली होती. पोरंपोरी यायला लागली.

मग खेळाच्या संघटनेला शोध लागला की आपल्या शहरात एक आंतरराष्ट्रीय खेळाडू राहतो. सरचिटणीस गाडी घेऊन आले. भावोजींनी संघ तयार करून दिला. परदेश दौऱ्याला प्रशिक्षक म्हणून सरचिटणीस स्वतः गेले. दौऱ्यावरून आल्यावर भावोजींचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि मांडव. मांडव कुठे, तर त्या मातीवर. पहारी घालून खांबांचे खड्डे खणले, वर सतरंज्या अंथरल्या. भावोजींनी शाल घेतली, नमस्कार केला आणि कार्यक्रमानंतर सरचिटणिसांना बाजूला घेऊन म्हणाले, "एवढं मोठं मैदान आहे. आपण मांडव पलीकडे घालावा, ही विनंती." सरचिटणीस मनापासून हसले. "अहो सर, मांडव सपाट जागेवरच घालतात."

हे वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही. कारण ते खरं होतं. त्या सगळ्या उकिरड्यात सपाट जागा एकच होती आणि ती एका माणसाने हाताने केली होती, म्हणून सगळ्यांना तीच हवी होती. त्या दिवसानंतर हळदीकुंकू तिथे, रक्तदान तिथे, माननीयांचा वाढदिवस तिथे, कुणाच्या मुंजीच्या पंगतीही तिथे. तिथे सगळं झालं, खेळ तेवढा मधल्या दिवसांत. प्रत्येक वेळी मांडव उतरला की भावोजी बादली घेऊन खड्डे भरायचे. मी एकदा चिडून म्हणालो, "भावोजी, तक्रार करा. नाहीतर सोडून तरी द्या." ते म्हणाले, "तक्रार केली. उत्तर आलं की आपली जागा छान आहे." हे सांगताना ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हा माणूस पूर्ण पुणेकर झाला आहे आणि त्यात त्याचं काहीही भलं झालेलं नाही.

ऋतुजाचं सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. यवतमाळकडचं कुटुंब, वडील कारखान्यात. पोरगी नववीपासून शॉर्टस्टॉपला उभी राहायची. भावोजी ताईला म्हणायचे, हिचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत. कुणाच्या तरी साखरपुड्याचा एक खड्डा वरवर बुजवला गेला होता, आत पोकळ राहिला होता. चेंडू त्याच्या काठावर आपटून तिच्या तोंडावर आला. पुढचे दोन दात गेले. भावोजी तिच्या घरी गेले तेव्हा सोबत मीही होतो. तिचे वडील आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. ते हात जोडून म्हणाले, "सर, तुमच्यावर राग नाही जी. पण पोरीची जात आहे, उद्या लग्न करा लागते. आता नका बोलावू तिले." ऋतुजा तोंडावर ओढणी धरून दारात उभी होती. आम्ही खाली आलो. भावोजी म्हणाले, "खड्डा मी बघायला हवा होता." मी म्हणालो, "खणला कुणी ते बघा की." त्यांनी नकारार्थी मान हलवली. फलकावर त्यांनी स्वतःच्याच नावापुढे आकडा लावून टाकला होता... त्यानंतर त्यांनी कुणाला शिकवलं नाही. माती मात्र रोज सारखी करत राहिले. कुणासाठी, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

शोकसभा झाली. संघटनेने ठेवली, मोठी झाली, आणि कुठे झाली हे आता तुम्हाला सांगायला नको. पहारींचे आवाज ताईच्या घरापर्यंत येत होते. फ्लेक्सवर भावोजींचा फोटो आणि त्याहून जरा मोठा सरचिटणिसांचा. ते भाषणात म्हणाले की हेंकसरांनी ही माती पोटच्या पोरासारखी जपली. त्यांच्या डाव्या हाताला, बरोब्बर शॉर्टस्टॉपच्या जागी, मांडवाचा खांब रोवलेला होता. मी उठत होतो. बोलायचं ते मनात तयार होतं, नावंही घेणार होतो. ताईने माझं मनगट धरलं आणि पुढे बघतच म्हणाली, "बस. मांडव उतरू दे आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेलो तर घराला कुलूप. मैदानावर गेलो. ताई साडी खोचून, भावोजींची ती पत्र्याची बादली घेऊन खड्ड्यात मुरूम ओतत होती. ओतायची, पाणी शिंपडायची, धुम्मस मारायची, मग चपलेने माती सारखी करायची, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, हुबेहूब तशी. मध्येच वाकली आणि काहीतरी उचलून पर्समध्ये टाकलं. सत्तरीला टेकलेली माझी बहीण. जे तोंडात होतं तेच बोललो. "ताई, येत्या रविवारी माननीयांचा वाढदिवस आहे. परत इथेच मांडव पडणार."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू तो तिसऱ्या बेसकडचा खड्डा घे. आणि नीट दाब, आत पोकळ ठेवू नकोस."