देवीपुढे घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. झालो, लोट्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागलो आणि खेडला खोली घेतली. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. खोलीत जोडीला प्लांटमधला एक ऑपरेटर होता, केळशीकडचा. एक स्टोव्ह, दोन ताटं. आमचं जे होतं त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. कंपनीच्या बसमध्ये जे शब्द चालायचे त्या शिव्याच. कायद्यात असल्याला शिक्षा आहे, असं कुठेतरी ऐकलं होतं. पण शिफ्ट संपवून दोघांनी बांगडे तळून खायचे, यात गुन्हा नेमका कुठून सुरू होतो, ते पदवी घेऊनही मला कळत नव्हतं.

त्या शिमग्याला त्याला गावी नेलं. आमच्याकडे पालखी घरात आली की मानकरी घरातली अडचण देवीला मोठ्याने सांगतो, आणि जमलेली वाडी एका आवाजात होकार भरते. हेच गाऱ्हाणं. वडील मानकऱ्याच्या कानाला लागले. मला वाटलं, आंब्याच्या कलमांचं काही असेल.

"बाय माझे, ह्या पोराला तू शिकीवलंस, नोकरीला लावलंस. आता औंदा त्याला हळद लागू दे. फुडच्या शिमग्याला जोडीनं तुझी ओटी भरतील."

"व्हय म्हाराजा!"

तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

जेवताना आईने त्यालाच धरलं. "तुझं आयकतो तो. तूच घाल त्याच्या डोक्यात."

"घालतो, काकी," म्हणाला, आणि आणखी एक पुरणपोळी मागून घेतली.

परतताना एस्टीत मी विचारलं, का ओरडलास? म्हणाला, एकटा गप्प राहिलो असतो तर सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं असतं. बरोबर होतं. पण मग एवढ्या मोठ्याने?

पंधरवड्यात दापोलीची मुलगी बघायला जायचं ठरलं. माझ्या शर्टाला इस्त्री त्याने केली. डेपोपर्यंत सोडायलाही आला. गाडी लागली होती.

"जाऊ?" मी विचारलं.

"तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

"तो तिला. मला काय?"

तो गाडीची पाटी वाचत राहिला. कंडक्टरने घंटी मारली, गाडी गेली. तो थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मग मी थांबलो तो कोणाच्या सांगण्यावरून? वाटेत त्याने बांगडे घेतले. मी इस्त्रीच्या शर्टातच साफ करायला बसलो. घरी सरळ कळवून टाकलं, लग्न करणार नाही.

पुढच्या शिमग्याला आईने एकटीनेच ओटी भरली. वडिलांनी तेच गाऱ्हाणं पुन्हा घालायला लावलं. तो शेजारी उभा होता. ह्या खेपेला काय करतो ते बघायला मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तोवर वाडी ओरडून मोकळी झाली; आमचे दोघांचे आवाज राहूनच गेले.