सातवा भाग

मॅडमनं माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. हिसकावलं नाय. हसत हसत काढून घेतलं, लेकराच्या हातातली कात्री काढून घेतात तसं.

पाडव्याचा दिवस होता. ज्योतीनगरात त्यांच्या बंगल्यावर आमचा वाचनकट्टा भरायचा. दर पाडव्याला तिथं एक रीत होती. श्रीखंड-पुरीच्या आधी एकेकानं उभं राहायचं आन् वर्षभरात काय वाचणार ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं. वाचनसंकल्प म्हणायचे त्याला. एका डॉक्टरबाईनं उपनिषदं सांगितली. टाळ्या. एका रिटायर साहेबांनी जगाचा इतिहास सांगितला. टाळ्या. मंग माझी पाळी आली. परत करायला आणलेला जादूच्या मालिकेचा सहावा भाग छातीशी धरून मी उठले.

म्हणाले, "मला सातवा भाग वाचायचाय. आन् पुढं तसलीच मालिका स्वतः लिहायचीय. आपल्या इकडची."

हॉलभर हसू पसरलं. वाईट नाय हसले कुणी. कौतुकानं हसले. ते जास्त लागतं.

मॅडम उठल्या. सहावा भाग माझ्या हातातून घेऊन काचेच्या कपाटात ठेवला. सातवा तिथंच शेजारी होता, मला दिसत होता. त्याला त्यांनी हात लावला नाय. खालच्या कप्प्यातून आत्मकथनांचा एक गठ्ठा काढला, सगळी आमच्या लोकांची, आन् माझ्या हातावर ठेवला.

"राक्षस, जादू पुरे झालं आता. हे वाच. हे तुमचं आहे."

तुमचं. मनानं मी चपला न घालता हॉलच्या बाहेर जाऊन उभी राहिले. अंग मात्र आतच होतं, श्रीखंडाची वाटी घेऊन.

ती आत्मकथनं मी शाळेत असतानाच वाचलेली. आमच्या विहारातल्या कपाटात होती. वाचून रडले, पेटले. त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द मी बोलणार नाय. ती नसती तर पाडव्याला त्या हॉलमध्ये उभं राहून बोलायची माझी छाती झाली नसती. पण मला तेवढंच वाचायचं, हे कुणी ठरवलं?

माझं वाचन म्हणजे बसमधलं वाचन. मी वाळूजला कंपनीत कंत्राटावर आहे. लोखंडी रिंगा तपासते. ट्यूबखाली धरायची, बोट फिरवायचं, ओरखडा दिसला तर बाजूला टाकायची, नाय दिसला तर पुढं ढकलायची. एक रिंग गेली की दुसरी. दिवसभर तेच. आत मोबाइल चालत नाय, पुस्तक चालत नाय. म्हणून मुकुंदवाडीपासून वाळूजपर्यंत ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची आन् वाचत सुटायचं. पुस्तकाला स्पर्धा परीक्षेच्या गाईडचं कव्हर घातलेलं. वस्तीत सगळ्यांना वाटायचं पोरगी अभ्यास करती. मायसुद्धा शेजारणीला सांगायची, औंदा साहेबीण होती बघा. तरी कव्हर मी काढत नव्हते. उघड्यावर जादूचं पुस्तक वाचायची सोय आमच्याकडं पण नव्हती, खोटं कशाला बोलू.

का वाचते? कारण त्या मालिकेतल्या राज्यात मला कुणी आडनाव विचारत नाय. तिथं एक दासीची पोर होती. तिला आगीची भाषा यायची. सहाव्या भागाच्या शेवटी ती किल्ल्याच्या बंद दाराशी पोचली होती. मागं शत्रू, पुढं दार, आन् आतून कुणी उघडंना. तिथं पुस्तक संपलं. माझ्या डोक्यातनं ती पोरगी जाईना. रिंगा तपासताना तीच दिसायची, सुपरवायझर खेकसायचा. त्या मालिकेचं मराठी भाषांतर आता छापत नाहीत. गुलमंडीतली रद्दीची दुकानं पालथी घातली. कुठं नाय. एकच संच, मॅडमच्या कपाटात. त्यांच्या मुलासाठी घेतलेला. पहिल्या पानावर त्याचं नाव, खाली पेन्सिलनं काढलेली तलवार. तो आता अमेरिकेत आहे.

सगळे गेल्यावर मी मागं राहिले. लाज सोडून म्हणाले, मॅडम, तेवढा सातवा द्या. मंग तुम्ही म्हणाल ते वाचते. आन् हे पण विचारलं.

"तुमच्या मुलानं हेच वाचलं ना?"

"त्याचं वेगळं होतं गं," मॅडम म्हणाल्या. त्यांना त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाय.

मंग त्यांनीच वाट काढली. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, कट्ट्याचा कार्यक्रम होता. त्या महिन्यात सगळ्यांनाच आमची आठवण येती. मॅडम म्हणाल्या, तू अनुभवकथन कर. मागे चहा पिताना सांगितलं होतंस ना, सोयगावकडच्या गावात तुझ्या आईच्या बाबतीत घडलेलं? तेच सांग. फार परिणाम होईल. आईंनाही आण, आपण त्यांचा सत्कार करू. ते झालं की सातवा भाग घेऊन जा.

मी व्हय म्हणाले. इतकी मी त्या पुस्तकासाठी कासावीस झाले होते.

मायला एवढंच सांगितलं, तुझा सत्कार आहे. तिनं विहारात जाताना नेसायची पांढरी साडी काढली. रिक्षात पदर नीट करत बसली. मला विचारलं, कशाबद्दल गं माझा सत्कार? मी खिडकीबाहेर बघत बसले. खिडकी तरी कुठली रिक्षाला. नुसतं बाहेर बघितलं.

हॉल भरलेला. मायला पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. टेबलावर शाल, नारळ, आन् त्याच्या शेजारी सातवा भाग. मॅडमनं माइक घेतला. म्हणाल्या, "आता ही आपल्याला तिच्या आईवर गुदरलेला प्रसंग सांगणार आहे. आई आज आपल्यात बसल्या आहेत."

सगळ्या माना मायकडं वळल्या. पुढच्या बाईंनी तर रुमाल आधीच काढून ठेवला.

मायनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिला कळलं कशाबद्दल सत्कार आहे ते. मंग तिनं मान खाली घातली आन् पदराचा काठ बोटाला गुंडाळायला लागली. सोडायची, परत गुंडाळायची. जे तिनं मला एकटीला सांगितलं होतं, रडत पण नाय, भाकरी थापता थापता, ते आता ह्या श्रीखंडवाल्यांना वाटायचं होतं. आन् वर मला बक्षीस.

माइक हातात. टेबलावर पुस्तक. हात लांब केला असता तर लागलं असतं.

मी म्हणाले, "वेरूळच्या लेण्यात एक हत्ती आहे."

कुणाला काही कळलं नाय. मी थांबले नाय. शाळेची सहल गेली होती तेव्हापासून तो हत्ती माझ्या डोक्यात होता, तोच सांगत सुटले. ज्यांनी डोंगर कोरला त्यांची भाषा दगडाला येत होती. राजानं त्यांची नावं कुठंच कोरू दिली नाहीत. म्हणून त्यांनी जाताना हत्तीच्या कानात सांगून ठेवली. आन् एके दिवशी त्या पाथरवटांच्या खानदानातली एक पोरगी सहलीला आली, तिनं हत्तीच्या कानाला कान लावला. हत्तीनं पाय उचलला. देवगिरीच्या वाटेला लागला...

मॅडमनं येऊन माइक घेतला. गोड आवाजात म्हणाल्या, "भावनेच्या भरात ती विषय विसरली. आपण समजून घेऊया." आन् शाल उचलून मायच्या खांद्यावर टाकायला निघाल्या. माय उठून उभी राहिली. शाल घेतली नाय. चपला शोधायला लागली.

दाराशी मॅडमनं मला गाठलं. आवाज खाली, चेहरा हसरा. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. संधी दिली होती तुला. सातवा भाग आता विसर."

"राहू द्या तुमच्याकडं," मी म्हणाले. "मायचं दुःख द्यायचं आन् पुस्तक न्यायचं, असला सौदा मी करत नसते."

हे ऐकून कुणी टाळ्या वाजवल्या नाय. आत पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं होतं.

घरी साडीची घडी घालताना माय म्हणाली, "ते कुणाला सांगाया मी तुला सांगितलं नव्हतं." ती माझ्याशी बोलती, जेवायला वाढती, पण भाकरी थापताना आता जुनं काही सांगत नाय. ते दार बंद झालं, आन् ते मी बंद केलं. कट्ट्यावर मी परत गेले नाय. सातवा भाग वाचलेला नाय. पुढं मिळंल असंही वाटत नाय. ती पोरगी अजून दाराशीच उभी आहे.

गाईडचं कव्हर तेवढं फाडून टाकलं. बसमध्ये आता लिहिते. धक्क्यानं अक्षर वाकडं येतं, येऊ दे. मायवर काय गुदरलं ते ह्या कागदावरही लिहिलेलं नाय, तुमच्या लक्षात आलं असंल. ते मिळणार नाय. माझ्याकडं रडायला येऊ नका. माझ्याकडं हत्ती आहे.

देवगिरीच्या दरवाज्याला लोखंडी खिळे ठोकलेत, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेत. माझा हत्ती त्याच दाराला जाणार आहे. दगडाच्या हत्तीला खिळे लागत नसतात.