बरणीचं स्थलांतर

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या कचेरीतली साखरेची बरणी चहाच्या टेबलावरून उठून व्हरांड्याच्या पार टोकाला गेली आहे. आता चहा बिनसाखरेचाच येतो. ज्याला गोड हवा त्याने चालत जावं.

माझ्या शेजारी बसणाऱ्या शिर्केभाऊंना मधुमेह. नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी दर सोमवारी साखर सोडायची शपथ आणि मंगळवारी कपात तीन चमचे. भिंतीवरचं ‘संयम पाळा’ हे सरकारी पोस्टर ते चहा ढवळत ढवळत वाचायचे. बरणी हलली आणि दोन महिने भाऊ फिका चहा पितायत. परवाच्या तपासणीत साखर चक्क उतरली.

मला वाटतं, सरकारने आमच्या निग्रहावर भिस्त ठेवूच नये. तो बिचारा दुपारच्या चहापर्यंत दमतो. आळस मात्र दिवसभर ताजातवाना असतो. त्यालाच कामाला लावावं.

काल साहेबांनी सगळ्यांना जमवून भाऊंच्या मनोनिग्रहाचा सत्कार ठेवला. शाल खांद्यावर पडणार, तोच भाऊ ओरडले, “अहो साहेब, ती शाल बरणीला पांघरा! मला नुसता उठायचा कंटाळा येतो!”